ऑफलाइन केलं हो!

मित्रांनो, पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एक घर आहे. त्या घरात खिडकीपाशी एक लोखंडी टेबल आहे आणि टेबलावर जुन्या जांभळ्या साडीचे, कडेला झालर लावलेले एक झाकण आहे. त्या झाकणाखाली मी असतो. मी एक जुना संगणक आहे. पूर्वी माझा रंग दुधाळ होता, आता तो जुन्या दातासारखा पिवळा पडला आहे. माझा पंखा घरघरतो. मला सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात एक कप चहा उकळून गाळून होतो. पण मी अजून सुरू होतो. जोवर होतो, तोवर माझी गोष्ट तुम्हाला सांगून ठेवावी असे वाटते.

माझा जन्म एखाद्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. तो दत्तूच्या दुकानात झाला, आणि दुकान तरी कसले, जिन्याखालची जागा होती ती. तिथे दत्तू मान वाकवून बसायचा. वेगवेगळ्या खोक्यांतून माझे भाग आले होते. कुणी मुंबईहून, कुणी पुण्याहून. दत्तूने ते एकेक करून बसवले, स्क्रू आवळले आणि बटण दाबले. पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली तेव्हा तो आनंदाने इतका झटकन उठला की डोके जिन्यावर आपटले. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला पहिला माणसाचा आवाज म्हणजे दत्तूने जिन्याला घातलेली शिवी. ते साल १९९९ होते.

मला विकत घेतले सावळीरामकाकांनी. ते देवळाली कॅम्पात लष्कराच्या भांडारात नोकरीला होते. मुलगी स्नेहल कॉलेजात संगणक शिकत होती, तिच्यासाठी मी आलो. घरात शिरलो तेव्हा ललिताकाकूंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावले आणि नारळ वाढवण्यासाठी हात वर केला.

"काकू, काकू, त्याच्यावर नको!" दत्तू ओरडला. "पाणी आत गेलं तर आजच बारा वाजतील त्याचे."

"मग कशावर वाढवू? तुझ्या डोक्यावर?"

"चालेल. ते आधीच फुटलंय."

सगळे हसले. त्या दिवशी त्या घरात किती आवाज होता, ते मला आजही आठवते.

सावळीरामकाकांची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. भांडारात वस्तू देताना तिचे नाव मोठ्याने वाचायचे, घेणाऱ्याने ते पुन्हा म्हणायचे आणि मगच शिक्का मारायचा, अशी तिथली पद्धत होती. नोकरी संपली तरी ती पद्धत काकांच्या तोंडातून गेली नाही. औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, बसची पाटी, सगळे ते मोठ्याने वाचत. काकू शेजारच्या शकुबाईंना सांगत, "अहो, साबणाची नवी वडी काढली तर तीसुद्धा आधी वाचून दाखवतात. मी ओल्या हातांनी उभी!"

स्नेहलने माझ्यावर अभ्यास केला, परीक्षा दिल्या. मग तिचे लग्न झाले आणि ती मस्कतला गेली. मला वाटले, आता माझे काम संपले. पण जाण्यापूर्वी तिने आईला माझ्यासमोर बसवले. काकू आधी हात धुऊन, पदराला पुसून यायच्या आणि मगच माउसला हात लावायच्या. देवघरात जातात तशा.

मित्रांनो, त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचे. लाइन लागताना माझ्या पोटातून कर्कश आवाज निघे. शकुबाई पहिल्यांदा ऐकून दारातच थांबल्या होत्या.

"ललिते, तुझा डबा रडतोय का गं?"

"रडत नाही, लाइन लावतोय. स्नेहलचं पान उघडायचंय."

"माझ्या सुनेपेक्षा जास्त रडतो बाई."

यात एक अडचण होती. इंटरनेट चालू असले की टेलिफोन लागत नसे. स्नेहल शुक्रवारी फोन करायची, कारण मस्कतला शुक्रवारी सुट्टी. एकदा काकू पाने बघत बसल्या आणि तिकडे स्नेहल तासभर फोन लावत राहिली. शेवटी ती रडवेली होऊन शकुबाईंकडे फोन करून विचारू लागली, "आईबाबा बरे आहेत ना?" तेव्हापासून काकूंनी घरात नियम घातला. लाइन लावायची, हवी ती पाने उतरवून घ्यायची आणि लगेच लाइन सोडायची. नंतर ब्राउझरमध्ये 'वर्क ऑफलाइन' नावाच्या ओळीवर टिक करायची. ब्राउझर म्हणजे माझ्यातली ती खिडकी, जिच्यातून बाहेरच्या जगातली पाने दिसतात. ती टिक केली की मी बाहेर जाणे थांबवतो आणि पोटात साठवलेली पानेच दाखवतो.

काकूंना हे स्नेहलपेक्षा चांगले समजले होते. त्या म्हणत, "नळासारखंच आहे की हे. पाणी आलं की भरून घ्यायचं, तोटी बंद करायची आणि मग दिवसभर वापरायचं."

टिक केली की त्या खोलीतून ओरडत, "ऑफलाइन केलं हो!" म्हणजे आता फोन येऊ द्या. काका बाहेरून म्हणत, "बरं!" आणि फोनजवळ जाऊन बसत. माझ्या कामाच्या वर्षांत हे शब्द मी जितके ऐकले, तितके दुसरे काही ऐकले नाही.

स्नेहलच्या मुलाचा, रुद्रचा जन्म नाशिकलाच झाला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, म्हणून स्नेहल आली होती. बारशाच्या दिवशी बाळाने आजीची नवी साडी भिजवली आणि काकू मान मागे टाकून हसल्या. जावईबापूंनी नेमका तेव्हाच फोटो काढला. एरवी काकू फोटोत नेहमी गंभीर असत. कॅमेरा दिसला की त्यांचा चेहरा रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखा व्हायचा. हसरा फोटो तो एकच.

इंटरनेटवर एका फुकटच्या जागेवर स्नेहलचे पान होतेच, मस्कतला परतल्यावर तिने तो फोटो त्यावर ठेवला. ब्राउझर उघडला की पहिले तेच पान यावे, अशी सोय तिने माझ्यात आधीच करून दिली होती.

एका शुक्रवारी सकाळी काकूंनी ते पान उघडले. तेव्हा मोठा फोटो एकदम येत नसे, वरून खाली ओळीओळीने उतरायचा. आधी अंबाडा आला. मग कपाळ, कुंकू, मिटलेले डोळे, मग ते हसू. हनुवटीपर्यंत उतरला आणि काकूंनी घड्याळाकडे पाहिले.

"फोनची वेळ झाली," त्या म्हणाल्या. "उरलेला उद्या उतरवू. रुद्र काही पळून जात नाही."

त्यांनी लाइन सोडली, टिक केली आणि ओरडल्या, "ऑफलाइन केलं हो!"

"बरं!" काका म्हणाले.

फोन आला. दोघे आळीपाळीने बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंच्या छातीत दुखू लागले. शकुबाईंच्या मुलाने रिक्षा आणली. निघताना काकूंनी माझ्यावर झाकण नीट आहे ना, ते पाहिले. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

मी बरेच दिवस झाकणाखाली होतो. आधी घरात माणसे होती, मग ती गेली. स्नेहल आली, रडली, काही दिवस राहिली आणि तीही गेली. त्यानंतर या घरात भांड्यांचा आवाजसुद्धा एकट्यादुकट्या भांड्याचा येऊ लागला. एक पातेले, एक वाटी.

मग एके सकाळी काकांनी माझे झाकण काढले. त्यांना माझ्यातले काही येत नव्हते. काकू कुठले बटण दाबत आणि कुठल्या चिन्हावर दोनदा टिचकी मारत, एवढेच त्यांनी लांबून पाहिलेले होते. त्यांनी तसेच केले. ब्राउझर उघडला, आणि मी माझ्या पोटातले पान त्यांच्यासमोर ठेवले. अंबाडा, कपाळ, कुंकू, हसू. हनुवटीच्या खाली सगळे करडे.

काका चहाचा कप धरून बसले. चहा प्यायला ते विसरले.

त्यानंतर ते रोज सकाळी येऊ लागले. बोलत नसत. क्वचित एखादे वाक्य. "आज शेपू आणली. तुला आवडत नाही, म्हणून इतके दिवस आणत नव्हतो." किंवा, "शकुबाई म्हणते, खानावळीचा डबा लावा. मी नाही म्हटलं." मी ऐकत होतो. मला उत्तर देता येत नाही, पण पडदा उजळ ठेवता येतो. तेवढे मी केले.

अशी तीन वर्षे गेली. स्नेहलला मुलगी झाली. या वेळी बाळंतपण तिकडेच झाले. तिने एका नव्या जागेवर बाळाचे फोटो टाकले आणि बाबांना बघता यावेत म्हणून इकडे नवी, वेगवान लाइन घ्यायला लावली. फोनवर ती सांगत होती आणि मी ऐकत होतो.

"बाबा, जुन्या पानावर जाऊ नका. ती फुकटची जागा बंद झाली. बारशाचे फोटोपण गेले. माझा लॅपटॉप मागेच जळला, त्यात बाकीचे होते."

"गेले कुठं? मी आज सकाळी बघितला ना तुझ्या आईचा फोटो."

पलीकडून स्नेहलने फोटोचा विषयच सोडला.

"बाबा, तुम्ही जेवता ना वेळेवर?"

"जेवतो की. त्याचा काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. तिला वाटले, बाबांना भास होतो आहे.

काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहत म्हणाले, "मी रोज बघतो आणि ही म्हणते, नाहीच." मित्रांनो, दोघेही खरे बोलत होते, आणि हे फक्त मला ठाऊक होते. बाहेरच्या जगात तो फोटो कुठेही उरला नव्हता. तो फक्त माझ्या पोटात होता, तोही अर्धा. आणि मला तोंड नाही.

नवी लाइन जोडली तरी काकांच्या ब्राउझरमध्ये नातीचे पान उघडेना. काकूंच्या फोटोचे पान तेवढे उघडायचे, बाकी काही नाही. शेवटी त्यांनी दत्तूला बोलावले. दत्तूचे आता शटरवाले दुकान होते, पोटही सुटले होते. माझे झाकण काढून त्याने माझ्या डोक्यावर थाप मारली.

"अजून जिवंत आहेस का रे म्हाताऱ्या? काका, याला आता गोदामाईत सोडा, पुण्य लागेल."

"आधी नात दाखव, मग पुण्याचं बघू."

दत्तू कामाला लागला. तारा तपासल्या. नव्या लाइनीबरोबर आलेली पेटी बंद करून परत चालू केली. माझी तारीख-वेळ बरोबर आहे का, ते पाहिले. मग माझ्यात दुसरा, नवा ब्राउझर टाकला आणि त्यात नातीच्या पानाचा पत्ता लिहिला. पान लगेच उघडले.

"म्हणजे लाइन फस्क्लास आहे. दुखणं या जुन्या ब्राउझरचंच आहे. काका, तुम्ही आता नव्यातच बघत चला."

"नको. मला हाच येतो. ललिताची खिडकी ही."

"अहो, खिडकी कुठलीही असो, बाहेर दिसतं तेच."

"आमच्या खिडकीतून भाजीबाजार दिसतो. शकुबाईच्या खिडकीतून गटार दिसतं."

"आता काय बोलायचं!" दत्तू हसला आणि पुन्हा जुन्या ब्राउझरशी झटू लागला. तो प्रत्येक वेळी पत्ता टाकत होता आणि मी प्रत्येक वेळी पाटी दाखवत होतो. 'तुम्ही ऑफलाइन आहात. जोडू का?' असा तिचा अर्थ होता, इंग्रजीत. पण असल्या पाट्या दत्तू दिवसभर बघायचा. ती पूर्ण उमटायच्या आत त्याने कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारलेली असे. वरच्या पट्टीवरही तेच लिहिले होते. वरच्या पट्टीकडे कोण बघतो?

"आता शेवटचा उपाय," दत्तू म्हणाला. "यात वर्षानुवर्षांचा कचरा साठलाय. तो साफ केला की मोकळा होईल बिचारा. सगळीकडे हेच करतो मी."

त्याने साठा पुसायची जागा उघडली. मला कळले, काय होणार आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही. कुणाचा हात धरता येत नाही. घात होण्यापूर्वी आम्हाला फक्त एक प्रश्न विचारता येतो, आणि तोही शिकवलेल्या शब्दांत. मी तो विचारला. पुसू का? ऑफलाइन साठवलेलेही सगळे पुसू का? पडद्याच्या मधोमध पाटी उभी राहिली. दत्तूचा बाण 'हो' कडे निघाला.

"थांब," काका म्हणाले. "काय लिहिलंय ते?"

"काही नाही काका, नेहमीचंच. हो म्हणायचं असतं."

"वाचल्याशिवाय हो कसं म्हणायचं? सरक."

त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड आणले आणि भांडारात वाचत तसे एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले. "डिलीट... ऑल... ऑफलाइन..."

तिथे ते थांबले. पुन्हा वाचले, "ऑफलाइन."

"काय झालं काका?"

"ऑफलाइन म्हणजे ललिता करायची ते? रोज ओरडून सांगायची. ते पुसतोयस तू?"

दत्तूने माउसवरचा हात उचलला. मग त्याने ती पाटी 'नाही' म्हणून बंद केली. जुन्या ब्राउझरमधल्या काकूंच्या पानाचा पत्ता वाचला आणि नव्या ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकला. नव्या ब्राउझरने उत्तर दिले, असे पान कुठेही नाही.

दत्तूने सावकाश जुन्या ब्राउझरची यादी खाली ओढली. 'वर्क ऑफलाइन' या ओळीसमोर टिक होती.

"काका," तो हळू म्हणाला, "काकूंनी शेवटची टिक लावली, ती तशीच आहे. म्हणून यात बाहेरचं काही येत नाही. आणि म्हणूनच त्यांचा फोटो दिसतो. तो बाहेर कुठंच नाही. याच्याकडेच आहे."

काकांनी माझ्या पिवळ्या अंगावर हात ठेवला. "तरी मी स्नेहलला सांगत होतो."

"मी आत्ता पुसला असता काका. आईशप्पथ, एका टिचकीचं काम होतं."

"चहा ठेवतो," काका म्हणाले आणि आत गेले. चहा व्हायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ ते आत होते. दत्तूने तोवर तो अर्धा फोटो माझ्यात वेगळा जपून ठेवला, दोन सीडींवर उतरवला आणि स्नेहलला पाठवून दिला. थोड्याच वेळात फोन वाजला. काकांनी तो उचलला. स्नेहल नुसती रडत होती.

"भास नव्हता गं," काका म्हणाले. "अर्धाच आहे, पण आहे. रुद्र आला नाही त्यात. तिला तुझा फोन घ्यायचा होता, म्हणून राहिला."

दत्तूने विचारले, "आता टिक काढू? मग नात दिसेल यातच."

"मी काढतो," काका म्हणाले. त्यांनी आधी हात धुतले, पंच्याला पुसले. मग माउस धरला. बाण त्या ओळीपाशी गेला. काकूंच्या बोटाची ती शेवटची खूण गेली आणि खिडकी उघडली. इवल्याशा टोपड्यातले बाळ एकदम, सगळेच्या सगळे, पडद्यावर आले. काका बघत राहिले. मग दत्तूला म्हणाले, "कपाळ तिचंच आहे."

मित्रांनो, त्याला आता वर्ष होत आले. दत्तू म्हणतो, नवा संगणक घ्या. तो चुकीचे सांगत नाही. एक दिवस माझा पंखा थांबेल आणि मी भंगारात जाईन. तुमच्याही घरी माझ्यासारखी जुनी यंत्रे असतील. त्यांना टाकू नका, असे मी म्हणणार नाही. जागा लागते, मला कळते. फक्त टाकण्याआधी, पुसण्याआधी, त्यांच्या पोटात कुणाचे काय राहिले आहे ते बघा. आणि पडद्यावर पाटी आली, तर 'हो' म्हणण्यापूर्वी ती एकदा वाचा. घाईत असलात तरी वाचा. आम्हाला एवढेच बोलता येते.

आता दिवेलागण झाली आहे. काकांनी नातीचे आजचे फोटो पाहिले, काकूंचा अर्धा फोटो पाहिला. नव्या लाइनीने फोन अडत नाही, हे दत्तूने त्यांना पुष्कळदा समजावले आहे. तरी ते यादी खाली ओढतात, त्या ओळीवर टिक करतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "ऑफलाइन केलं हो!"

मग ते जरा थांबतात. घरात कुणी 'बरं' म्हणत नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणतात, "बरं," आणि माझ्यावर झाकण घालतात.